अंगणात जळकं ऑइल ओतू नका

'बंगल्यासमोर पेव्हर ब्लॉकवर पैसे उधळू नका, फुकटात रस्ता करा' अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. त्याचं सांगणं असं: गेटपासून पोर्चपर्यंत मुरूम पसरा, त्यावर गॅरेजमधलं जळकं ऑइल, म्हणजे गाडीतून काढलेलं वापरलेलं इंजिन ऑइल, शिंपडा, रोलर फिरवा, की 'देशी डांबर' तयार. धूळ उडत नाही, पावसात वाहून जात नाही. तण येऊ नये म्हणून मीठ टाका. वर म्हणे काँक्रीटने विहिरी आटतात, पेव्हर दोन वर्षांत खचतात, खडी गाडीखाली टिकत नाही, आणि पूर्वी सगळे हेच करायचे.

हा मेसेज रत्नागिरीकडे माझ्या आत्याच्या घरी पोचला आणि आतेभावाने गॅरेजवाल्याला ऑइलचे कॅन सांगूनही ठेवले. त्यांच्या गेटातून आत येणारी वाट विहिरीला खेटून जाते. घरातली लहान मुलं त्याच विहिरीचं पाणी पितात. त्यामुळे गप्प बसणं शक्य नाही.

मुळात हे डांबर होतच नाही. डांबर तापवून खडीत मिसळतात आणि थंड झालं की ते घट्ट होऊन खडीला धरून ठेवतं. इंजिन ऑइलचं कामच मुळी पातळ राहून दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासू न देण्याचं. मुरूम बसतो तो त्यातल्या चिकण मातीमुळे, बेताच्या ओलाव्यामुळे आणि दबाईमुळे. त्यात ऑइल गेलं की कण एकमेकांना धरण्याऐवजी निसटतात. धूळ काही दिवस बसते, हे खरं आहे. तेवढ्यावरच लोक फसतात. मृगाचे पहिले दोन पाऊस झाले की तेलाचा तवंग पन्हळीच्या पाण्याबरोबर उताराला लागतो आणि वाटेवर उरतो काळा, निसरडा चिखल.

तो तवंग जातो कुठे? कोकणातली जमीन जांभ्याची, भोकाभोकांची. वर पडलेलं पाणी तिच्यातून झिरपत विहिरीत उतरतं. उन्हाळ्यापर्यंत विहिरीला पाणी राहतं ते त्याच वाटेने. जळक्या ऑइलमध्ये इंजिन झिजून आलेले धातूंचे कण असतात, जळताना तयार झालेली, कर्करोगाला कारण ठरणारी रसायनंही असतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा दाखला आहे: गाडीच्या एका ऑइल बदलातून निघालेलं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं. इथे तर कॅनच्या कॅन ओतायला सांगितलंय.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातलं टाइम्स बीच हे गाव याच उपायाने उठलं. रस्ते कच्चे, डांबराला पैसे नाहीत, म्हणून १९७०च्या दशकात धूळ बसवायला तिथे टाकाऊ ऑइल फवारलं. फवारणाऱ्याने त्या ऑइलमध्ये एका रासायनिक कारखान्याचा कचरा मिसळला होता आणि त्यात डायॉक्सिन हे अतिशय विषारी रसायन होतं. त्याच माणसाने १९७१ मध्ये त्याच राज्यातल्या एका तबेल्याच्या रिंगणात तेच फवारलं, तेव्हा घोडे पटापट मेले होते. १९८२च्या डिसेंबरमध्ये गावात पूर आला, मातीतलं डायॉक्सिन त्याच सुमारास उघडकीला आलं, आणि १९८३ मध्ये सरकारने अख्खं गाव विकत घ्यायचं ठरवलं आणि पुढच्या काही वर्षांत ते रिकामं झालं. कोणी म्हणेल, आपल्या गॅरेजच्या ऑइलमध्ये डायॉक्सिन कुठून येणार? नसेलही. पण त्या पिंपात ब्रेक ऑइल, थिनर, बॅटरीचं पाणी, काय काय पडलंय हे गॅरेजवालाही सांगू शकत नाही. टाइम्स बीचच्या लोकांनाही कोणी सांगितलं नव्हतं.

आपल्याकडे २०१६च्या धोकादायक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल यादीत नावानिशी आहे. ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेलं पाहिजे. अंगणात ओतणं हा जुगाड नव्हे, नियम मोडणं आहे.

मिठाचं थोडक्यात: पहिल्या पावसात ते वाहून जातं, तण पुन्हा उगवतं. 'पूर्वी सगळे हेच करायचे' हे धादांत खोटं. वासे आणि खांबांना वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑइल फासायचे, ते वेगळं. वाटेला पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, असायची किंवा चोपलेला मुरूम.

काँक्रीटखाली पाणी मुरत नाही, हे मात्र मान्य करावं लागेल. कंपाउंडभर कोबा घालून मग विहीर आटली म्हणून रडणारे आहेतच. पण त्यावर उपाय सोपा आहे: फक्त चाकांखाली दोन-दोन फुटांचे काँक्रीटचे पट्टे घाला, मधे गवत वाढू द्या. पाणी मुरतं, खर्चही खूप कमी. पेव्हर खचतात ते ब्लॉकमुळे नव्हे. खालचं सोलिंग (दगडांचा थर) आणि दबाई वाचवली आणि कडेला कर्ब (पक्की कड) घातला नाही की ते खचणारच. घरच्या गाडीला ६० मिलिमीटरचा ब्लॉक पुरतो. खडी टिकत नाही म्हणणाऱ्यांनी नदीतले गोटे टाकलेले असतात. क्रशरची कोनदार खडी एकमेकांत अडकते, गोटे घरंगळतात. चिऱ्याची, म्हणजे जांभ्याच्या दगडाची, वाट दिसते देखणी, पण मऊ चिरा चाकाखाली झिजतो आणि आषाढात शेवाळाने पाय घसरतो, म्हणून तो चालण्यापुरताच बरा.

कोणी हे आधीच करून बसलं असेल, तर पावसाची वाट पाहू नका. काळा झालेला मुरूम खरवडून पोत्यांत भरा, प्लास्टिकखाली कोरडा ठेवा, शेतात किंवा ओढ्यात लोटू नका, आणि तो कुठे द्यायचा हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात विचारा. विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत तपासून येईपर्यंत प्यायला वापरू नका. उकळून हे विष जात नाही.