चीन-अमेरिकेच्या भांडणावर सोयाबीन धरून ठेवायचं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुम्ही लिहिलंत, ‘चीननं अमेरिकेचं सोयाबीन टाळलं की ती जागा आपोआप आपली होते. तुम्ही वाशिम-यवतमाळच्या शेतकऱ्याला उगाच नाउमेद करता. यंदा माल घरातच ठेवा.’ हा शेवटचा सल्ला वाचून राहवलं नाही.

जुलै २०१८ मध्ये चीननं अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा कर लावला. चीनच्या आयातीत अमेरिकेचा वाटा २०१७ साली ३४ टक्क्यांच्या आसपास होता, तो २०१८ मध्ये १९ वर आला. ब्राझील ५३ वरून ७५ वर गेला. जानेवारी २०२० मध्ये चीन-अमेरिकेचा करार झाला, तरी २०२३ मध्ये ब्राझील ७० टक्क्यांवर होताच. कारण त्याची तयारी जुनी. १९७३ मध्ये सुरू झालेल्या एम्ब्रापा या सरकारी संशोधन संस्थेनं सेराडो या ब्राझीलमधल्या गवताळ पट्ट्याच्या आंबट (आम्लधर्मी) जमिनीत टिकणारे वाण काढले, चुना टाकून जमिनी पिकाखाली आल्या. तिथं हेक्टरी ३ टनांहून जास्त उतारा येतो. आपल्याकडे टनभर.

तयारी नसताना हाती आलेली बाजारपेठ कशी जाते, ते वऱ्हाडानं बघितलंय. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेतून यायचा. १८६१ ते १८६५ च्या तिथल्या यादवी युद्धात तो अडला आणि आपल्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळले. आपला धागा आखूड, गाठींत माती-कचरा. गिरण्या पुन्हा अमेरिकेकडे वळल्या. खामगावला रेल्वे पोहोचली १८७० मध्ये, तेजी ओसरल्यावर!

आणि आपलं सोयाबीन चीनला जातंच कुठं? ते इथंच गाळलं जातं. तेल देशात खपतं, त्यावरही बाहेरून आणावं लागतं. बाहेर जाते ती ढेप, म्हणजे तेल काढल्यावर उरलेला चोथा. ती जीएम (जनुकं बदललेल्या बियाण्याची) नसलेली, म्हणून काही देशांत तिला मान आहे. पण ब्राझील-अर्जेंटिनाच्या स्वस्त ढेपेपुढं भावात टिकत नाही. २०२१ मध्ये इथं भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या घरात गेले, तेव्हा सरकारनं १२ लाख टन जीएम ढेप आयात करायला परवानगी दिली. त्याचा मला आजही राग आहे.

तेव्हा माल ठेवायचाच असेल, तर खाद्यतेलावरचा आयात कर बघून ठरवा. सप्टेंबर २०२४ मध्ये तो वाढवला, मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचा मूळ कर २० वरून १० टक्क्यांवर आणला. आपल्या मोंढ्यातला भाव चीनपेक्षा याच्यावर जास्त हलतो.