चारशेवीस नंबरचं बिल

एकापुढं दोन आणि दोनापुढं तीन मोजता येत नसेल तर ते कसलं बिलिंग सॉफ्टवेअर, असं बेळगावच्या खडेबाजारातला कुठलाही सावकार, म्हणजे दुकानमालक, विचारेल. त्याचं चुकत नाही. कंप्युटर मोजायला तयारच असतो, माणसं मोजू देत नाहीत.

घोळ बिलाच्या पहिल्या नंबरापासूनच सुरू. ‘एक नंबर? गिऱ्हाईक म्हणेल, आजच दुकान उघडलं काय!’ म्हणून 1001 पासून सुरुवात. त्याला कायद्याची ना नाही. जीएसटीचा 46वा नियम नंबर ओळीनं मागतो, एकापासूनच मागत नाही. मग नंबराआधी गावाचं नाव लावायची टूम निघते, आणि आपल्या गावात त्यावरून काय होतं हे मी सांगायला नको. दुकानातल्या थोरल्या भावाला बेळगाव पाहिजे. धाकटा म्हणतो, 2014 पासून कागदावर बेळगावी आहे, तेच घाला, उगाच नोटीस नको. निकाल नियमच लावतो. अख्खा नंबर 16 अक्षरांत बसला पाहिजे, आणि त्यात रोमन अक्षरं, आकडे, आडवी रेघ नि तिरकी रेघ एवढंच चालतं. रोमन लिपीत बेळगावीची आठ अक्षरं, तिरकी रेघ, आर्थिक वर्ष 2025-26 ची सात, परत रेघ, पुढं चार आकडे: झाले 21. बेळगाव घातलं तरी 20. दोन्ही पक्ष पडले! मी रेल्वे स्टेशनचा कोड सुचवतो. बीजीएम/25-26/00001, रोमनमध्ये मोजून 15. भांडायला एक जागा शिल्लकही राहते.

शेवटचे आकडे पाच का, तर रोज दीडशे बिलं फाडणाऱ्या किराणा दुकानात 9999 सदुसष्टाव्या दिवशी संपतात. आणि पुढची शून्यं शोभेची नाहीत. ती नसली तर यादी लावताना कंप्युटर 1 नंतर 10, मग 100, आणि त्यानंतर 2 आणतो. मात्र ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) लागू असेल, म्हणजे उलाढाल पाच कोटींच्या वर गेली असेल, तर नंबराची सुरुवातच शून्यानं किंवा रेघेनं केलेली पोर्टलला चालत नाही.

आता खरी मेख. नंबर द्यायचा कधी? पुष्कळ सॉफ्टवेअरं बिलाचा पडदा उघडल्याउघडल्या नंबर देऊन मोकळी होतात. खानापूरच्या मावशी तीन साड्या बाजूला काढतात, पोरगं बिल मारायला घेतं, तेवढ्यात त्या म्हणतात, ‘थांब रे बाळा, गणपत गल्लीत जरा भाव बघून येतो.’ मावशी गणपत गल्लीतून थेट बसस्टँडवर. नंबर तसाच लटकत. म्हणून बिल थांबवून ठेवायचं असेल तर नुसता टोकन नंबर द्यावा, आणि बिलाचा नंबर पैसे घेऊन सेव्ह करताना, त्या क्षणी.

पण त्या क्षणीसुद्धा दिवाळीत दोन काउंटर चालू असतात. दोघंही सर्व्हरला विचारतात, शेवटचा नंबर किती? दोघांनाही उत्तर मिळतं 118. दोघंही इमानेइतबारे एक मिळवतात आणि एकाच वेळी 119 नंबरची दोन बिलं बाहेर पडतात, एक पैठणीचं, एक टॉवेलचं. विचारणं आणि लिहिणं यांच्यामध्ये जी फट राहते ती बुजवायची असते. नंबराची नोंद डेटाबेसात एकाच ओळीत ठेवायची, ज्यानं ती उचलली त्याचं बिल पुरतं लिहून होईस्तोवर दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही, आणि वर त्या रकान्यावर युनिकचं, म्हणजे एक नंबर दोनदा न घेण्याचं, बंधनही टाकायचं. काहीजण सोपं म्हणून डेटाबेसच्या आपोआप वाढणाऱ्या नंबरावर भिस्त ठेवतात. तो दोनदा येत नाही हे खरं, पण बिल मध्येच फसलं तर वाया गेलेला नंबर परतही येत नाही. त्यातून डेटाबेस मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर असेल, 2012 किंवा पुढचा, आणि ऐन गर्दीत करंट गेला, तर 119 नंतर थेट 1119 येऊ शकतो, कारण पुढचे नंबर त्यानं आगाऊ उचलून मेमरीत ठेवलेले असतात. सावकार विचारतो, ‘मधली हजार बिलं कुणी खाल्ली वो?’

मागच्या काउंटरची सर्व्हरकडं जाणारी वायर उंदरानं खाल्ली असेल तर हे कुलूपही कामाचं नाही. अशा ठिकाणी प्रत्येक काउंटरला स्वतःची मालिका द्यावी, ए आणि बी. एकाहून जास्त मालिका कायद्याला चालतात. वर म्हटलेली उरलेली जागा इथं खर्ची पडते.

हे सगळं जमलं तरी 420 येतोच. ‘काय अण्णा, मला चारशेवीस देतोस व्हय?’ आणि मागं सगळी रांग हसते. पोरगं चटकन बिल डिलीट करून 421 काढतं. महिनाअखेर जीएसटीआर-1 चा, म्हणजे विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राचा, 13वा तक्ता विचारतो: कुठल्या नंबरापासून, कुठल्या नंबरापर्यंत, एकूण किती, त्यातली रद्द किती. हिशेबात एक कमी. डिलीटचं बटण काउंटरवरून काढूनच टाकावं, असं माझं ठाम मत आहे. रद्द करा, कारण लिहा, रक्कम शून्य होऊ दे, नंबर मात्र जागेवर राहू दे. माल महिन्यानंतर परत आला तर क्रेडिट नोट (तेवढी रक्कम गिऱ्हाइकाच्या नावे वळती करणारी चिठ्ठी), तिची मालिका वेगळी.

लक्ष्मीपूजनाला कीबोर्डला हळदकुंकू लागतं आणि सावकाराला पाडव्यापासून नवा एक नंबर हवा असतो. सरकारचं वर्ष 1 एप्रिलला बदलतं. मधेच त्याच मालिकेत परत एक आला की त्या वर्षात एक नंबरची बिलं दोन. पूजेत 80 मिलिमीटरचा कोरा रोल ठेवा म्हणावं, नंबर जुनाच चालू दे. कंप्युटरच्या आतला, घड्याळ चालू ठेवणारा सीआर2032 सेल संपला असेल तर मात्र वर्ष कुठल्याही सकाळी बदलतं, तेही मागं. शेवटच्या बिलाआधीच्या तारखेला सॉफ्टवेअरनं सरळ अडवावं.

आणि कुणाला नंबर अगदी सुटसुटीत, 1-25, 2-25 असा हवा असेल, तर त्यानं यादी एक्सेलमध्ये उघडून बघावी. पहिली बारा बिलं जानेवारी ते डिसेंबर होतात, तेरावं तेवढं बिल राहतं. सीए फोन करून विचारतात, ‘सावकार, हा फेब्रुवारी नंबरचा सदरा कुणाला विकला?’