पी.टी.चा मास्तर

घरच्या ग्रुपवर आठवडाभर एकच विषय चाललाय. माझा पुतण्या कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल संघाकडून फॉरवर्ड खेळायचा. वय चोवीस, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आता त्याला कोचिंगचं लायसन्स काढून एखाद्या कॉलेजात पोरं तयार करायची आहेत. त्यावर थोरल्या काकांनी लिहिलं, "म्हणजे शेवटी पी.टी.चा मास्तरच की!" खाली अकरा अंगठे. पोराच्या बापानं, म्हणजे आमच्या दादानं, भर घातली, "2025 च्या जुलैत आयएसएलच, आपल्या देशातली मोठी फुटबॉल लीगच, थांबवून ठेवली होती. लीगचाच भरवसा नाही तिथं कोच होऊन काय खाणार?"

ते अकरा अंगठे मला अजून झोंबतायत.

मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या केरीत राहतो, ऑफिस डरहॅमला. फॉलमध्ये शुक्रवारी कामावरून सुटलो की 147 नंबरचा हायवे धरून परस्पर ड्यूक विद्यापीठाच्या कॉस्किनेन स्टेडियमवर कॉलेजचा फुटबॉल बघायला जातो. घड्याळ पंचेचाळीसवरून शून्याकडे पळत असतं, शेवटचे दहा आकडे पोरं ओरडून मोजतात. तिथंच मी जॉन केर यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. 1986 मध्ये ड्यूकनं कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अ‍ॅक्रनला 1-0 हरवलं. ड्यूकचं कुठल्याही खेळातलं ते पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. केर त्या संघाचे फॉरवर्ड, आणि देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हरमन ट्रॉफीही त्या वर्षी त्यांचीच.

आता दादानं नीट वाचावं. केर कॉलेजातून बाहेर पडले तेव्हा अमेरिकेत मोठी लीगच नव्हती. जुनी 1984 च्या हंगामानंतर बंद पडली, आताची मोठी लीग, एमएलएस, सुरू झाली 1996 ला. मधल्या काळात केर इंग्लंडात पोर्ट्समथ, मिलवॉल, जिथं जागा मिळेल तिथं खेळले, अमेरिकेच्या संघातही आले. एमएलएस निघाली तोवर तिशी ओलांडली होती. मग 1999 पासून हार्वर्डला कोच, आणि 2008 ला परत ड्यूकमध्ये. लीग नव्हती तेव्हा इथला खेळ कॉलेजांनी जगवला आणि खेळणाऱ्याला परत यायला जागा ठेवली. आपल्याकडे कॉलेजचा संघ झोनलपुरता, म्हणजे कॉलेजा-कॉलेजांतल्या विभागीय स्पर्धेपुरता, जमतो आणि झोनल संपली की मोडतो.

आणि कोचचं काम काय असतं? अँड्र्यू वेंगर नावाचा पोरगा ड्यूकमध्ये बचावात खेळायचा. 2011 ला केरनी त्याला पुढं आणलं. त्या वर्षीची हरमन ट्रॉफी त्यानं नेली, आणि 2012 च्या एमएलएस ड्राफ्टमध्ये, जिथं लीगचे क्लब कॉलेजातली पोरं निवडतात, पहिलं नाव त्याचं पुकारलं गेलं. बचावातल्या पोरात फॉरवर्ड दिसायला स्वतः फॉरवर्ड म्हणून झिजावं लागतं. पुरुषांच्या संघाला वर्षानुवर्षं 9.9 शिष्यवृत्त्यांचीच मर्यादा होती. कोच त्या फोडून पंचवीस-तीस पोरांत बसवायचे. कुणाला किती दिलं की तो टिकेल, हे ओळखणं मास्तरकीच आहे, आणि मला त्या शब्दाची लाज वाटत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. दादाचं उत्तर आलं, "तिथं बसून सांगायला काय जातंय? गुडघा फिरला तेव्हा शाहू स्टेडियमवरनं उचलून दवाखान्यात कुणी नेलं?"

तालमीच्या पोरांनी नेलं. मी पैसे पाठवले.

त्या रात्री झोप लागली नाही. मीही तालमीच्या लहान गटात डाव्या विंगला खेळायचो. बारावीला बाबांनी माझे बूट माळ्यावर टाकले. आमचे क्रीडाशिक्षक सायकलवरून घरी आले. जुने खेळाडू, नडगीवर टाक्यांची खूण. "एक हंगाम खेळू द्या त्याला, अभ्यास मी बघतो," म्हणाले. बाबांनी त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, दारातूनच बोलणं संपवलं. मी आतल्या खोलीत गणिताचं पुस्तक उघडून बसलो होतो, सगळं ऐकत होतो. बाहेर येऊन एक शब्द बोललो नाही. सायकलचा स्टँड काढल्याचा आवाज मला आजही ओळखता येईल.

कॉस्किनेनवर मी टाळ्या वाजवतो, पण हरलो तर घशाखाली घास उतरत नाही असं तिथं कधी झालं नाही. तसं कोल्हापुरात पीटीएम (पाटाकडील तालीम मंडळ) आणि शिवाजी मंडळाच्या सामन्यानंतर व्हायचं. माझा मुलगा म्हणतो, "तुमच्या कोल्हापूरचा संघ." माझ्या भावाला मी तिकडचा, माझ्या मुलालाही तिकडचाच, फक्त दोघांचं तिकडे वेगळं.

काल पुतण्यानं मला एकट्याला मेसेज केला. "काका, त्या डिफेंडरला पुढं आणायचं त्यांना कसं सुचलं असेल? आमच्या अंडर-15 मध्ये असाच एक आहे."

मी त्याला लगेच फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते. तो मैदानावरच होता.