‘नुसतं बघायचे अठराशे’ या रिव्ह्यूला मालकांचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या घरच्या वायरिंगच्या तपासणीबद्दल लिहिलेला रिव्ह्यू वाचला. दहाची वेळ देऊन आमची मुलं पावणेअकराला पोचली आणि काकूंना, म्हणजे तुमच्या आईंना, ताटकळत बसावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

एक स्टार द्यायचा की पाच, हा तुमचा हक्क आहे. उशिरासाठी दिला असतात तर मी एवढं लिहायला बसलोच नसतो. पण तुम्ही पुढे लिहिलंय: ‘तीन तास लाईट घालवून ठेवली, एक स्क्रू नवा बसवला नाही, नुसतं बघायचे अठराशे घेतले, वर आईला घाबरवून बेचाळीस हजारांचा कागद हातात दिला. शेजारच्या वायरमनने दहा मिनिटांत सगळं ओके म्हणून सांगितलं.’ हे फार लागलं साहेब. डोंबिवलीत आमचा धंदा एकाने दुसऱ्याला नंबर देण्यावर चालतो. एका सोसायटीत नाव खराब झालं की आजूबाजूच्या चार सोसायट्यांतले फोन येणं थांबतं, आणि माझ्याबरोबर दोन मुलांची घरं या कामावर आहेत. म्हणून नीट उत्तर देतो.

आधी त्या तीन तासांचं. आदल्या दिवशी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅप केला होता की मेन बंद ठेवावा लागेल, लॅपटॉप-मोबाईल चार्ज करून ठेवा, फ्रीज उघडू नका आणि डीबी, म्हणजे मेन स्विचच्या पेटीसमोरचं सामान हलवून ठेवा. निळ्या टिकाही आल्या. मुलं आली तेव्हा डीबी नव्या वॉर्डरोबच्या आत, साड्यांच्या मागे. बिचाऱ्या काकू एकेक साडी काढून पलंगावर ठेवत होत्या, मुलांनी हात लावला, तरी अर्धा तास त्यातच गेला. दोष काकूंचा नाही. सुताराने कपाट करताना डीबी आत घेतला आणि कुणी त्याला अडवलं नाही. पण रात्री जळका वास आला तर मेन पाडायला त्या कपाटातून हात कसा घालणार, हे रिपोर्टमध्ये पहिल्याच पानावर लिहिलंय. आणि फ्रीजचं म्हणाल तर दार उघडलं नाही तर तो चारेक तास थंडी धरतो. दूध काढायला दोनदा उघडला गेला, मुलांनी सांगूनसुद्धा.

मेन बंद का ठेवावा लागतो, तेही सांगतो, कारण ‘नुसतं बघायचे’ हा शब्द तिथूनच आलाय. आम्ही मेगर लावतो. त्यातून वायरीत ५०० व्होल्ट डीसी सोडतात आणि इन्सुलेशन, म्हणजे वायरीवरचं आवरण, किती टिकून आहे ते मोजतात. चालू लाईटीवर हे करता येत नाही. त्याआधी टीव्ही, राउटर, मायक्रोवेव्ह, सगळ्यांचे प्लग काढायचे, एलईडी दिवे उतरवायचे, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सोडवायचे, नाहीतर ती उपकरणंच उडतील. मग एकेक सर्किट वेगळं करून मोजायचं. रीडिंग किमान १ मेगाओहम हवं. तुमच्या किचनच्या सर्किटला ०.२ आलं. ज्या भिंतीला बाहेरून पावसाचं पाणी मुरतं, पोपडे आलेत, त्याच भिंतीतून ती वायर जाते. हे डोळ्यांनी दिसत नाही साहेब. मोजल्याशिवाय कळत नाही, आणि त्या मोजण्याचेच पैसे आहेत. मेगरचं कॅलिब्रेशन असतं, परवान्याचं नूतनीकरण असतं, आणि मोजणारा माणूस शिकलेला लागतो. अठराशे रुपये मी फोनवर आधी सांगितले होते. ‘त्यात दुरुस्ती धरलेली नाही’ हेही सांगितलं होतं.

आता शेजारच्या वायरमनदादांचं. त्यांच्या पोटावर मला पाय आणायचा नाही, ओळखीचेच आहेत. त्यांनी बहुतेक टेस्टर आणि होल्डरला लावलेला बल्ब वापरला असणार. फेज म्हणजे करंट आणणारी वायर, न्यूट्रल म्हणजे तो परत नेणारी, आणि अर्थिंग म्हणजे गळलेला करंट जमिनीत उतरवणारी. फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावला, पेटला, म्हणजे अर्थिंग आहे, असं बहुतेक जण धरून चालतात. तुमच्या बाथरूमच्या गीझरच्या सॉकेटवर बल्ब पेटणारच होता. आमच्या मुलाने डीबीतला न्यूट्रल सोडवला, अर्थिंगच्या पट्टीपासून लांब वायर टाकून त्या सॉकेटच्या अर्थ पिनपर्यंत मोजलं, तर कंटिन्युइटी, म्हणजे सलग जोडणी, शून्य. म्हणजे अर्थिंग तिथवर पोचतच नव्हतं. मग बल्ब कसा पेटतो? सॉकेट उघडल्यावर उत्तर मिळालं. न्यूट्रलच्या टर्मिनलवरून अर्थच्या टर्मिनलवर बोटभर लांबीची लाल वायर मारलेली. मागून हिरवी वायर आलेलीच नाही. त्याचा फोटो काढून मी तुम्हाला त्याच दिवशी दुपारी पाठवला आहे.

ही लाल वायर मला सगळ्यात जास्त खटकते. न्यूट्रल कुठेतरी सुटला, जळाला, ढिला झाला, की घरातल्या चालू पंख्या-दिव्यांतून येणारा फेज त्या न्यूट्रलवर चढतो आणि लाल वायरीतून थेट गीझरच्या बॉडीवर, तिथून नळावर. पाण्यात उभा असलेला माणूस आणि तो नळ. यात कुणाला घाबरवायचा प्रश्नच कुठे येतो? आणि यावर उपाय म्हणून जी आरसीसीबी असते, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, ज्याला आपल्याकडे बरेच जण ईएलसीबी म्हणतात, ती तुमच्या डीबीत होती. दांडी वर, दिसायला झकास. टेस्टचं बटण दाबलं तर हलली नाही. कारण मागून दोन वायरी थेट जोडून तिला वगळलं होतं. आधीच्या मालकांच्या काळात कधीतरी ती सारखी ट्रिप होत असणार. कारण शोधायच्या ऐवजी कुणीतरी तिलाच बाजूला केलं. ३० मिलिअँपिअरची ती गोष्ट माणूस वाचवायला असते. एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की पडणारा स्विच, वायर वाचवते, माणूस नाही. एवढा फरक प्रत्येक घरात माहीत असायला हवा असं मला कळकळीने वाटतं.

काकूंना आम्ही काय विचारलं तेही ऐका. ‘वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या येतात का?’ त्या म्हणाल्या, येतात, म्हणून मी रबरी चपला घालूनच मशीन लावते. तुम्हाला हे माहीत नव्हतं, असं त्याच म्हणाल्या. आम्ही त्यांना एवढंच सांगितलं की त्या मुंग्या म्हणजे मशीनला अर्थिंग नाही. यापेक्षा सौम्य कसं सांगायचं ते मला सुचत नाही.

बेचाळीस हजारांबद्दल. तो कागद पुन्हा एकदा उघडून बघा, कृपा करून. त्यात तीन भाग आहेत. पहिला ‘ताबडतोब’: गीझर आणि वॉशिंग मशीनला डीबीपासून नवी अर्थिंगची वायर, ती लाल वायर काढणं, नवी आरसीसीबी, आणि अडीच एमएमच्या वायरीवर कुणीतरी बसवलेली ३२ अँपिअरची एमसीबी बदलून योग्य क्षमतेची बसवणं. त्याचे ९,४०० रुपये. दुसरा ‘पावसाळ्यानंतर’: भिंतीचं लीकेज सोसायटीकडून बंद झालं की किचनचं सर्किट बदलणं. तिसरा ‘सवडीने’: बाकीच्या घराचं जुनं वायरिंग. तुम्ही तिन्हींची बेरीज करून रिव्ह्यूत टाकलीत. आणि शेवटच्या ओळीत ठळक लिहिलंय की काम आमच्याकडूनच करायची सक्ती नाही, कुठल्याही परवानाधारक ठेकेदाराकडून करा. ती ओळ मी स्वतः घातली आहे, कारण तपासणारा आणि काम करणारा एकच असला की गिऱ्हाईकाला संशय येतो, हे मलाही कळतं.

हा रिव्ह्यू बाकीचे लोकही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. ‘घर चालू आहे, लाईट लागते, मग तपासायचं कशाला’ असं बहुतेकांना वाटतं. आपल्याकडच्या पस्तीस-चाळीस वर्षांच्या बिल्डिंगी ज्या काळात उभ्या राहिल्या, तेव्हा घरात चार ट्यूब, तीन पंखे, एक टीव्ही. आता त्याच वायरींवर गीझर, इंडक्शन, दोन एसी. एकटा २ किलोवॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. कित्येक घरांत तेव्हाची अ‍ॅल्युमिनियमची वायर अजून आहे, ती सांध्यापाशी ढिली होते आणि तापते. महावितरणची जबाबदारी मीटरपर्यंत. तिथून पुढे घरात जे आहे ते आपलं, ते तपासायला कुणी आपणहून येत नाही.

माझं मत विचाराल तर जुना फ्लॅट विकत घेताना टोकन देण्याच्या आधी तपासणी करा, नंतर नाही. साहेब, तुम्ही पीओपी, टाईल्स, मॉड्युलर किचन सगळं करून झाल्यावर बोलावलंत, त्यामुळे आता भिंत फोडायचं नुसतं नाव काढलं तरी त्रास होतो, आणि तो राग आमच्यावर निघतो. एसी किंवा गाडीचा चार्जर बसवायचा असेल, भिंतीत पाणी मुरलं असेल, पुराचं पाणी घरात शिरलं असेल, तर वाट बघू नका. एमसीबी सारखी पडते, फ्रीज सुरू झाला की दिवा मंद होतो, प्लगची पिन काळी पडते, नळाला झिणझिण्या येतात, यातलं एक जरी दिसलं तरी बोलवा. काहीच दिसत नसेल तरी जुन्या घरात दर पाच वर्षांनी एकदा मोजून घ्यावं. आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा स्वतः दाबा, त्याला आमची गरज नाही. दाबल्यावर पडली नाही तर मात्र फोन करा, मला नाही तर दुसऱ्या कुणाला. फक्त त्याच्याकडे ठेकेदाराचा परवाना आहे का ते विचारा. बल्ब-स्विच बदलण्यापलीकडचं वायरिंगचं काम परवानाधारकाकडूनच करून घ्यायचं, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांतच आहे.

वेळेच्या बाबतीत आम्ही सुधारणा करतोय. उशीर होणार असेल तर आधी फोन करायचा, असं मुलांना सांगितलंय. रिपोर्टही जरा सोप्या भाषेत द्यायचा प्रयत्न करू. अठराशे परत मागितलेत, ते मात्र देणार नाही, क्षमा असावी. ते काम झालेलं आहे आणि नीट झालेलं आहे. तुम्हाला शंका असेल तर येत्या रविवारी मी स्वतः मेगर घेऊन येतो, तुमच्या वायरमनदादांनाही बोलवा, दोघांसमोर पुन्हा मोजू. त्याचे पैसे घेणार नाही.

रिव्ह्यू ठेवा किंवा काढा. काम कुणाकडूनही करून घ्या. पण तोवर गीझर वापरू देऊ नका. नुसतं बटण बंद करून भागणार नाही, बटणाने फक्त फेज तुटतो आणि ती लाल वायर न्यूट्रलवर आहे. प्लग उपसून ठेवा. काकूंना मी फोन केला होता, त्या म्हणाल्या मुलाला विचारून सांगते. आज घरी गेल्यावर तेवढं करा.

आपला,
मालक, डोंबिवली पूर्व