बी450 बोर्ड बदलायची गरज नाही

‘रायझन 5 2600 वाला पीसी आता भंगारात. नवा प्रोसेसर टाकायचा तर मदरबोर्ड आणि डीडीआर5 रॅमही घ्यावीच लागते’ असा मेसेज फिरतोय. हे साफ चूक आहे, आणि पोरांनी साठवलेले पैसे यात नाहक जातात.

अशा पीसीत 2018 चा बी450 मदरबोर्ड असेल, तर त्याचं सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) एएम4 आहे, आणि रायझन 5 5600 या त्याहून नव्या प्रोसेसरचंही तेच. डीडीआर4 रॅम आहे तीच चालते. मात्र जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस (पीसी सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट करा, नाहीतर स्क्रीन काळीच राहील. कोणती आवृत्ती हवी, ते बोर्ड कंपनीच्या सपोर्ट यादीत प्रोसेसरच्या नावासमोर दिलेलं असतं.

स्वस्त ग्राफिक्स कार्ड घेताना जपून. आरएक्स 6500 एक्सटी चारच पीसीआयई लेन (कार्ड आणि बोर्डमधल्या डेटाच्या वाटा) वापरतं, त्यामुळे बी450 च्या जुन्या, कमी वेगाच्या पीसीआयई 3.0 वर अनेक गेममध्ये ते चांगलंच मंदावतं.