आधी पगार, मग प्रेम : ‘कॉफी प्रिन्स’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

‘कॉफी प्रिन्स’ या कोरियन टीव्ही मालिकेवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : या मालिकेत कॉफी नुसती शोभेला आहे. मालक फक्त देखणी मुलं कामाला ठेवतो आणि मालिका ते हसण्यावारी नेते. बाकी गोष्ट नेहमीचीच, श्रीमंत घरचा मुलगा गरीब मुलीला वर काढतो. तुम्ही स्वतः कॅफेत काउंटरमागे उभं राहून काम केलंय, म्हणून तुम्ही विचारता की दिवसभर उभं राहून सुजलेले पाय यात कुठे दिसले? आणि अशा मालिकेला ‘कामाची गोष्ट’ असं का म्हटलं?

मी ते अजूनही म्हणते. का, ते जरा सविस्तर सांगते.

गो उन-चान (युन उन-हे) आपल्याला भेटते तेव्हा ती प्रेमात पडायला निघालेली नाही. ती जाजांगम्यॉनचे, म्हणजे काळ्या सॉसमधल्या नूडल्सचे, डबे पोचवते आहे. लहान मुलांना तायक्वांदो शिकवते, घरी बसून चेस्टनट सोलते, बाहुल्यांचे डोळे शिवते. वडील गेलेत, आईच्या हातात पैसा टिकत नाही, धाकट्या बहिणीचा भारही तिच्यावरच. तिनं मुलाचं सोंग घेतलं असं सगळेच म्हणतात, पण मालिकेत तसं घडत नाही. केस आखूड, कपडे ढगळ, चाल झपाट्याची, म्हणून लोक तिला मुलगा समजतात. चोई हान-ग्यॉल (गाँग यू) हाही तसंच समजतो. आजीनं लावलेल्या भेटीगाठी मोडण्यासाठी तो तिला पैसे देऊन आपल्या प्रियकराचं नाटक करायला लावतो, आणि ती गप्प राहते. पुढे कॅफेत फक्त मुलगेच घेणार असं ठरतं, तेव्हाही ती गप्प राहते. दोन्ही वेळा कारण एकच, पैसे हवेत. अख्खी प्रेमकथा ज्या खोटेपणावर उभी आहे तो खोटेपणा पगारासाठी आहे, आणि ही गोष्ट मालिका आपल्याला विसरू देत नाही.

हे २००७ सालचं सोल आहे, तेही ध्यानात घ्या. पहिला भाग २ जुलैला लागला. त्याच्या आदल्याच दिवशी दक्षिण कोरियात कंत्राटी आणि अर्धवेळ कामगारांच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला होता. मुदतीच्या करारावर दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेल्या कामगाराला कायम मानायचं, अशी त्यातली मुख्य तरतूद. ती टाळण्यासाठी काही मालकांनी आधीच कपात सुरू केली. होमएव्हर या दुकानसाखळीतल्या कॅशिअर बायकांनी ३० जूनला वर्ल्ड कप स्टेडियमजवळच्या शाखेत ठिय्या मांडला, आणि २० जुलैला पोलिसांनी त्यांना उचलून बाहेर काढलं. ती शाखा सोलच्या मापो भागातली. ‘कॉफी प्रिन्स’ जिथे घडते तो होंगदेचा परिसरही मापोतलाच. मालिकेत या संपाचा उल्लेख नाही, आणि तो असायला हवा होता असंही मी म्हणत नाही. पण रात्री टीव्हीसमोर बसलेल्या कोरियन प्रेक्षकाला चार ठिकाणी फुटकळ कामं करणारी चोवीस वर्षांची मुलगी म्हणजे काय, हे समजावून सांगायची गरज नव्हती. त्या वर्षी किमान वेतन ताशी ३,४८० वॉन होतं. मोठ्या साखळी कॅफेतली एक कप कॉफी जवळपास तेवढ्यालाच पडायची.

आता कॉफीकडे येते, कारण तुमचा मुख्य आक्षेप तिथे आहे आणि माझा मुख्य मतभेदही तिथेच.

कोरियात कित्येक दशकं कॉफी म्हणजे झटपट कॉफी. साखर, दुधाची पावडर आणि कॉफी एकाच पुडीत घातलेलं ‘कॉफी मिक्स’ तोंगसो कंपनीनं १९७६ मध्ये आणलं. कचेरीत, कारखान्यात, घरी पाहुणा आला तर, गरम पाणी ओतलं की झालं. बाहेर प्यायची तर ताबांग असत, जुन्या पद्धतीची कॉफीघरं, आणि तिथेही बहुतेक वेळा तीच गोड, दुधाळ चव. १९९९ मध्ये इव्हा महिला विद्यापीठासमोर स्टारबक्सचं कोरियातलं पहिलं दुकान उघडलं आणि दाणे दळून, मशीनवर काढलेली कॉफी रोजच्या जगण्यात शिरू लागली. त्यावरून भांडणंही झाली. २००६ मध्ये जेवणापेक्षा महाग कॉफी पिणाऱ्या तरुण मुलींची जाहीर टवाळी चालली होती. टवाळी मुलींचीच, तीच कॉफी पिणाऱ्या पुरुषांची नाही.

हे डोळ्यांसमोर ठेवून तो कॅफे बघा. होंग काकांचं (किम चांग-वान) जुनं, कळकट दुकान आहे. हान-ग्यॉलच्या आजीची खाद्यपदार्थांची कंपनी आहे. नातवानं काहीतरी करून दाखवावं म्हणून ते पडीक दुकान त्याच्या गळ्यात घातलं जातं. मग ते घासणं, रंगवणं, सगळं नव्यानं मांडणं, आणि त्यात उन-चान. पुडीतून निघणारी कॉफी कोण बनवतं हे कुणी विचारत नाही. दाणे, भाजणी, दळणं, पाणी यांच्याशी खेळत बनवलेली कॉफी मात्र कुणाच्या तरी हातची असते. कॉफी करणं हे शिकण्यासारखं कसब आहे, त्यात पुढे जाता येतं, ही कल्पनाच तिथे अजून कोवळी होती. आजवर पडेल ते काम केलेल्या मुलीला इथे पहिल्यांदा असं काम सापडतं, जे तिला चांगलं जमतं आणि आणखी चांगलं करावंसं वाटतं. मालिकेतला सगळ्यात सुंदर प्रवास मला हाच वाटतो, चुंबनाच्या त्या गाजलेल्या प्रसंगापेक्षाही. बरिस्ता, म्हणजे कॉफी बनवणारा कसबी कारागीर, हा पेशा कोरियात घरोघरी पोचवणारी मालिका म्हणून आजही तिचं नाव घेतात, ते उगाच नाही.

सुजलेल्या पायांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. शिफ्ट संपल्यावर मशीन धुणं, दुधाचे वाळलेले डाग खरवडणं, गिऱ्हाइकाची बोलणी खाणं, यातलं फार थोडं दिसतं. सतरा भागांत त्यासाठी जागा नक्कीच होती.

आणि फक्त मुलगे ठेवण्याबाबत तर मी तुमच्याही पुढे जाईन. येणारं गिऱ्हाईक बायकांचं, त्यांच्यासाठी देखणे ‘राजपुत्र’ मांडायचे, आणि त्याच बायकांपैकी एखादीला तिथे ट्रे उचलायची नोकरी मात्र नाही. हा उघड अन्याय आहे. उन-चान मुलगी आहे हे कळल्यावर हान-ग्यॉल संतापतो, आपल्याला फसवलं म्हणून. तिला खोटं का बोलावं लागलं, नियम कुणी केला होता, या प्रश्नापाशी मालिका पुरेशी थांबत नाही. दिग्दर्शिका ली युन-जंग, मूळ कादंबरीची लेखिकाही स्त्री, म्हणून मला हे जास्त खटकतं.

पण ‘श्रीमंत मुलगा गरीब मुलीला वर काढतो’ हे मला मान्य नाही. दहाव्या भागात तो तिला सांगतो की तू पुरुष असलीस किंवा परग्रहावरची असलीस तरी आता मला फरक पडत नाही. तो तिला मुलगा समजूनच हे बोलतो, आणि त्या काळच्या कोरियन टीव्हीवर हे लहान धाडस नव्हतं. एरवीची प्रेमकथा इथेच लग्नाकडे वळली असती. इथे खरा पेच नंतर सुरू होतो. त्याला लग्न हवंय, तिला आधी बरिस्ता व्हायचंय. श्रीमंत सासर समोर उभं असताना ती शिकायला इटलीला जाते, आणि तो मागे थांबतो. दोन वर्षं. आपल्याकडच्या कितीतरी मालिकांत नायिकेची नोकरी लग्नाच्या हळदीबरोबर कुठे धुतली जाते ते कळतही नाही. इथे नायकाच्या प्रेमाची परीक्षाच अशी आहे की तो तिच्या कामाच्या आड येतो की नाही. तिला वर काढणारा तो नाही. ती स्वतः चढते, आणि त्याला तिची वाट पाहायला शिकावं लागतं.

तुमची मुलगी ही मालिका बघते आणि तुम्हाला त्याची काळजी वाटते, असंही तुम्ही लिहिलंय. मी तुमच्या जागी असते तर तिला थांबवलं नसतं. मुलगेच ठेवायच्या नियमापाशी मालिका थांबवून तिला विचारलं असतं की तुला असं सांगितलं तर तू काय करशील. आणि शेवटचे भाग तिच्यासोबत बसून बघितले असते.

एक विनंती. उन-चान कॉफी करायला शिकते ते प्रसंग तुम्ही काउंटरमागच्या नजरेनं पुन्हा बघाल का? तिचे हात खऱ्या शिकाऊ मुलीसारखे चालतात की नाही, ते तुम्ही माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं सांगू शकाल. लिहिलंत तर मी ते मूळ लेखाखाली जसंच्या तसं जोडेन.