नऊ पालेभाज्यांचा गंबो आणि आपली ‘अस्सल’ थाळी

‘अस्सल महाराष्ट्रीय थाळी’ म्हणजे काय, हा वाद तिकडे सणावाराला हमखास उकळी घेतो. अळूचं फदफदं ताटात, वजडी (बकऱ्याच्या पोटाचं मांस) ताटाबाहेर, अशी तक्रार असते. तक्रार खरी आहे. पण इथे अमेरिकेत हाच तंटा न्यू ऑर्लीन्सच्या स्वयंपाकीणबाई लीआ चेज (१९२३–२०१९) यांनी चुलीपाशी उभं राहून लढवला.

न्यू ऑर्लीन्समधलं सासरचं सँडविचचं दुकान १९४१चं. १९४६ साली लग्न होऊन आलेल्या लीआबाईंनी त्याचं पांढऱ्या टेबलक्लॉथचं क्रिओल, म्हणजे तिथल्या मिश्र परंपरेच्या जेवणाचं, रेस्टॉरंट केलं. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र जेवणं बेकायदा होतं, त्या काळात तिथे वरच्या मजल्यावर नागरी हक्कांच्या बैठका चालत.

त्यांची सर्वांत जपलेली गोष्ट म्हणजे गंबो झेर्ब. गंबो म्हणजे तिथला दाट रस्सा, आणि हा पालेभाज्यांचा. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीच मिळणार. पालेभाज्यांची संख्या विषमच हवी. त्या नऊ घेत: मोहरी, कोलार्ड, सलगम, बीट आणि गाजर यांचा पाला, पालक, वॉटरक्रेस, कोबी, लेट्यूस. ऋषिपंचमीच्या भाजीची चुलत बहीणच म्हणा, फक्त हिच्यात ब्रिस्केट (गाईच्या छातीचं मांस), हॅम आणि सॉसेजही पडतं.

पाले कांदा-लसणासोबत अर्धा तास उकळून वाटायचे. ते पाणी ओतून दिलंत तर गंबो गेला. पाल्यांची चव त्यातच उतरलेली असते. शोरीस हे तिखट सॉसेज परतून सुटलेल्या चरबीत पाच मोठे चमचे मैदा भाजायचा, पण कच्चेपणा जाईपर्यंतच. नेहमीच्या गंबोसारखा चॉकलेटी केला तर करपट खमंगपणा पाल्यांवर चढून बसतो. मांस, वाटण आणि राखलेलं पाणी एकत्र करून तासभर मंद आचेवर. शेवटी ससाफ्रास या झाडाच्या वाळल्या पानांची पूड, म्हणजे फिले, एक मोठा चमचा, आणि लगेच भांडं खाली. फिले उकळलं की तारा सुटतात. (राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार असताना ओबामांनी गंबोत हॉट सॉस घातला, तर बाईंनी त्यांनाही दटावलं.)

कॅटरिना चक्रीवादळाच्या पुरात, २००५ साली, रेस्टॉरंट बुडालं. २००७ साली पुन्हा उघडलं. पदार्थ टिकला तो दिवस ठरलेला, माप ठरलेलं आणि करणारीचं नाव ठाऊक असल्यामुळे.

आपल्याकडे थाळीच्या वादात नेमकं हेच सुटतं. वजडीला चुना किती लावायचा, गरम पाण्यात किती वेळ ठेवून खरवडायची, हे ज्या बाईला येतं तिचं नाव कुठल्या मेन्यूकार्डावर आहे?